तिरफळाचं कालवण आणि पायाचा अंगठा

वेंगुर्ला. श्रावणातला दुसरा सोमवार.

रिपोर्ट आला. युरिक ॲसिड ५.८. गेल्या श्रावणात ९.१ होतं. ६ च्या खाली ठेवा, असं डॉक्टर पहिल्यापासून सांगत आलेत. ६.८ च्या आसपास गेलं की ते रक्तात विरघळून राहत नाही, सांध्यात सुईसारखे स्फटिक धरू लागतं. हाच गाऊट. पायाचा अंगठा शरीराच्या टोकाला, तिथे ऊब कमी, म्हणून बहुतेकांना पहिला झटका तिथेच येतो.

मलाही तिथेच आला, आणि रात्रीच. अंगठ्याच्या मुळाशी कातडी ताणून वांग्यासारखी जांभळी, चकचकीत झाली होती. चादर लागली तरी जीव जायचा. शेवटी पंखाही बंद करायला लावला, वारा सोसेना.

गाऊट म्हणजे दारू पिणाऱ्या पुरुषांचं दुखणं, असं अजूनही लोक तोंडावर बोलतात. पाळी जाईपर्यंत बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतं, पुढे तो आधार सुटतो. त्यात माझी बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, तिनेही भर घातली. डॉक्टरांनी ती बदलून दिली.

खाण्याबद्दल मात्र जो तो सल्ला देतो. डाळ बंद, पालक बंद, फ्लॉवर बंद. या याद्यांचा मला मनापासून राग येतो. २००४ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४७ हजारांवर पुरुष, १२ वर्षांची नोंद. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला, डाळी-भाज्यांमुळे वाढलेला दिसला नाही, आणि दूध-दही जास्त घेणाऱ्यांत तो कमी होता. अभ्यास पुरुषांचा होता हे खरं, पण डाळ तोडून बाईमाणसाने खायचं काय, याचं उत्तर यादीवाल्यांकडे नसतं. वैद्यबुवांनी चरकाचा दाखला देऊन कुळीथ वर्ज्य सांगितला. चरकाने मांस, मद्य आणि ऊसही सांगितलाय, तो मी पाळते. कुळथाची पिठी सोडली नाही, आणि तिने मला त्रासही दिला नाही.

साखरेचं कुणी बोलतच नाही. पाहुणा आला की रंगीत कोल्ड्रिंकची बाटली फुटते. त्यातलं फ्रुक्टोज यकृतात पचताना युरिक ॲसिड तयार होतं. आमच्याकडे आता सोलकढी देतात. कोकम सरबत मी घेत नाही, त्यात साखर किती पडते ते मीच घालत आलेय.

जड गेलं ते माशांचं. तारली, पेडवे, तिसऱ्या, सुकट, सगळं माझ्या ताटातून गेलं. मटणाची कलेजीही. बांगडा क्वचित, तोही तुकडाच. ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ते प्युरिन शिजताना पाण्यात उतरतं, म्हणजे नेमका रस्साच वाईट. ठेचलेलं तिरफळ पडल्यावर कालवणाला जो वास सुटतो, त्यावर मी भाताची मूद संपवायचे. घरच्यांसाठी अजून मीच करते. मीठ बघायला सासूबाईंना बोलावते.

एवढं करून आकडा उतरला तो जेमतेम एकाने. उरलेलं काम ॲलोप्युरिनॉलचं, म्हणजे युरिक ॲसिड कमी करणाऱ्या गोळीचं. युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचं मोठं काम मूत्रपिंडाचं, आणि ते कुणाचं किती चालतं हे बरंचसं आईवडिलांकडूनच येतं. म्हणून "जिभेवर ताबा नाही" असं कुणी कुणाला म्हणालं की मला वाईट वाटतं. पथ्य करावंच. मला त्याने झटके लांबले, वजन उतरलं. पण पथ्याच्या जोरावर गोळी सोडायला कुणाला सांगू नये.

उपासाचं लिहायचं राहिलं. पोट रिकामं आणि पाणी कमी, यानेही युरिक ॲसिड चढतं. सोमवार करते, पण दिवसभर पाणी आणि ताक चालू असतं. हरतालिका मात्र लग्नापासून निर्जळी. विषय कसा काढावा या विचारात होते, तर आज रिपोर्ट वाचून दाखवल्यावर सासूबाईच म्हणाल्या, "पाणी पी गो. देव काय घोटभर पाण्याक रागावता?"

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. माटवी बांधायची, मोदक वळायचे, आरतीला वाडीभर फिरायचं. यंदा हरतालिकेला तांब्या जवळ घेऊनच पूजेला बसणार आहे.