रिचमंडचा तो सोमवार

मी नागपूरची. हिवाळी अधिवेशनातले मोर्चे बघतच वाढले. त्यामुळे व्हर्जिनियात मामेबहिणीकडे गेले असताना राजधानी रिचमंडला नव्या बंदूक-नियंत्रण कायद्यांविरुद्ध बंदूकधारकांचा मोठा मेळावा होणार असल्याचं कळलं, तेव्हा मला राहवेना. ताईला ते पसंत नव्हतं. २०१७ साली शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात हिंसाचार होऊन एक बाई मारली गेली होती, ते या राज्यात कुणी विसरलेलं नव्हतं. गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी आणीबाणी जाहीर करून विधानभवनाच्या आवारात शस्त्रबंदी केली होती. तरी २० जानेवारी २०२० ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुटीच्या दिवशी, आम्ही आय-९५ महामार्गाला लागलो.

थंडी शून्याच्या खाली. टेकडीवरचं पांढरं विधानभवन थॉमस जेफरसनने आराखडा केलेलं, फार देखणं. त्या दिवशी मात्र त्याच्याभोवती जाळीचं कुंपण होतं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती. कुंपणाबाहेरचे रस्ते माणसांनी भरलेले, आणि त्यातल्या अनेकांच्या खांद्यावर लांब रायफली. आपल्याकडे निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुकाही पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. इथे विधानमंडळाच्या दारात लोक त्या मिरवत होते आणि कायद्याला ते मान्य होतं. माझ्या पोटात गोळा आला होता, तो दुपारपर्यंत गेला नाही. सरकारी अंदाजाने बावीस हजार माणसं होती. सहा हजार आत, बाकी बाहेर. दंगल झाली नाही.

छातीवर सगळ्यांच्या केशरी गोल स्टिकर : ‘बंदुका जीव वाचवतात’. हा व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीगचा बिल्ला. बंदूकवाल्यांची संघटना म्हटलं की आपल्याला नॅशनल रायफल असोसिएशन (एनआरए) आठवते. तिचं मुख्यालयही याच राज्यात, फेअरफॅक्सला. पण एनआरएने आपला कार्यक्रम आठवडाभर आधीच उरकला होता. ही गर्दी राज्यातल्या या छोट्या संघटनेची, तिचे अध्यक्ष फिलिप व्हॅन क्लीव्ह यांच्या लोकांची. एनआरए तडजोडी करते, असं त्यांचं मत. सतत सावध ठेवणारा दबाव त्यांना आपल्याच मोठ्या संघटनेवरही ठेवायचा असतो.

पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून बसने आलेले एक आजोबा भेटले. त्यांच्याकडून दिवसाची रीत समजली. सकाळी लहान लहान गट करायचे, एकेका आमदाराचं दार ठोठवायचं, नाव आणि मतदारसंघ सांगायचा, मागणी सांगायची आणि निघायचं. अकरा वाजता घंटाघराजवळ सभा. हे अनेक वर्षं, दर जानेवारीत. नागपुरात मोर्चा मॉरिस कॉलेजच्या चौकात अडतो आणि चार-पाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत जातं. इथे प्रत्येक जण स्वतःच शिष्टमंडळ होता.

खरं काम तर त्याआधीच झालं होतं. २०१९ च्या मे महिन्यात व्हर्जिनिया बीचला पालिकेच्या इमारतीत बारा जण मारले गेले. नॉर्थम यांनी बंदूक-नियंत्रणाच्या कायद्यांसाठी जुलैत खास अधिवेशन बोलावलं. रिपब्लिकन बहुमताने ते दीड तासात गुंडाळलं. नोव्हेंबरात मतदारांनी दोन्ही सभागृहं नॉर्थम यांच्याच पक्षाला, म्हणजे बंदूक-नियंत्रण हवं असणाऱ्या डेमोक्रॅटांना दिली. त्या निवडणुकीत बंदूक-नियंत्रणाच्या बाजूच्या ‘एव्हरीटाउन’ने एनआरएपेक्षा कितीतरी जास्त पैसा ओतला होता. मग बंदूकधारक काय करणार? ते कौंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक कारभाराच्या, सभांना गेले. गावोगावी सभागृह भरून, बाहेर पार्किंगमध्येही उभे राहून, त्यांनी बहुतेक कौंट्यांकडून ‘आम्ही असले कायदे राबवणार नाही’ अशा अर्थाचे ठराव करून घेतले. त्या ठरावांना कायद्याने काही अर्थ नाही, असं राज्याचे सर्वोच्च कायदा अधिकारी, ॲटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी डिसेंबरात लेखी कळवलं. पण ज्या आमदाराला पुन्हा त्याच गावात मत मागायचंय, त्याच्यापर्यंत निरोप पोचला होता.

हे सगळं बघताना मला याच राज्यातल्या ब्लॅक्सबर्गची आठवण येत होती. २००७ च्या एप्रिलमध्ये तिथल्या विद्यापीठात गोळीबारात बत्तीस जणांचे जीव गेले. त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती. त्यानंतर गेलेल्यांचे आईवडीलही याच विधानभवनात येत राहिले, आणि खासगी विक्रीतही घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचा साधा नियम तरीही वर्षानुवर्षं समितीतच अडकत गेला. ताईच्या मुलीच्या शाळेत गोळीबार झाला तर कसं लपायचं, याचा सराव घेतात. त्या पोरीने मला तो टेबलाखाली बसून करून दाखवला होता. त्यामुळे मी कुणाच्या बाजूची, हे सांगायला नको. पण त्या आजोबांची चिकाटी मला आवडली. मेळाव्याच्या आदल्या रात्री बंदूक-नियंत्रण मागणारी काही शाळकरी मुलंही आमदारांच्या कार्यालयातच जमिनीवर झोपली होती, कारण सकाळी गर्दीतून वाट काढणं धोक्याचं होतं. त्या मुलांची चिकाटी मला जास्त आवडली.

मी भारतात परतल्यावर निकाल लागला. १७ फेब्रुवारीला लष्करी धर्तीच्या रायफलींच्या विक्रीवर बंदी घालणारं विधेयक सिनेटच्या न्याय समितीने दहा विरुद्ध पाच मतांनी पुढच्या वर्षावर ढकललं. चार डेमोक्रॅट विरोधकांच्या बाजूने गेले. केशरी बिल्लेवाल्यांनी खोलीत जल्लोष केला. मात्र सगळ्या विक्रींसाठी पार्श्वभूमी तपासणी, महिन्याला एकच पिस्तूल, आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून न्यायालयाच्या हुकुमाने शस्त्र काढून घेण्याची सोय, हे तिन्ही कायदे झाले आणि १ जुलै २०२० पासून लागू झाले. ब्लॅक्सबर्गच्या पालकांना त्यासाठी तेरा वर्षं जिने चढावे लागले.