फर्नला किती उजेड लागतो ते मला कळलं मामाच्या विहिरीवर

मागच्या फेब्रुवारीत बोस्टन फर्नची कुंडी आणली. नर्सरीत सांगितलं, सावलीतलं झाड आहे, घरात कुठेही ठेवा. म्हणून मी हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या स्टुलावर ठेवली, खिडकीपासून चांगली दहा-बारा फूट लांब. महिनाभरात रोज केर काढताना खाली बारीक पानांचा सडा दिसायला लागला, आणि नवीन येणारी पानं लांबट, फिकट, जीव नसल्यासारखी. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं तर अजूनच बिघडलं, कारण उजेड नसला की झाड पाणी फारसं ओढत नाही आणि माती नुसती चिकचिकीत राहते.

मग घाबरून कुंडी थेट गॅलरीत. आमची गॅलरी पश्चिमेची आणि पुण्यातला एप्रिल, दुपारी तीन ते सहा ऊन सरळ आत. दोन दिवसांत टोकं तपकिरी, चौथ्या दिवशी पान हातात घेतलं तर पापडासारखा चुरा झाला. खरंच खूप वाईट वाटलं.

मे महिन्यात कोकणात मामाकडे गेले होते. त्यांची जुनी जांभ्याची विहीर आहे, तिच्या आतल्या भिंतीवर हंसराज, म्हणजे तोही एक फर्नच, नुसता माजलेला, काळ्या तारेसारखे देठ आणि त्यावर नाजूक हिरवी पानं. लहानपणापासून बघतेय, पण यावेळी तिथे बसूनच राहिले. वर आख्खं आकाश उघडं, ऊन मात्र आत येतं ते बाराच्या सुमाराला, थोडाच वेळ. बाकी दिवसभर आकाशाचा उजेड आणि पाण्याचा गारवा. म्हणजे सावली आहे, पण अंधार अजिबात नाही! माझा हॉल आणि ही सावली यात किती फरक आहे ते तेव्हा कळलं.

घरी आल्यावर मोबाईलवर लक्स, म्हणजे उजेड किती पडतो ते मोजायचं अ‍ॅप टाकलं. अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो. स्टुलावर जेमतेम 80, उत्तरेच्या खिडकीपाशी हजाराच्या वर, गॅलरीतल्या उन्हात 80 हजार! आपल्या डोळ्यांना हॉल चांगला उजेडाचा वाटतो कारण डोळे जुळवून घेतात, झाडाला ते जमत नाही. अ‍ॅप नको असेल तर दुपारी कुंडीच्या जागी पानांच्या वर वीतभर हात धरा. सावली ठसठशीत, बोटं मोजता येतील अशी पडली तर ऊन जास्त, काहीच पडली नाही तर अंधार, पुसट पडली तर जागा बरोबर.

मग जळलेली सगळी पानं मातीपासून दोन बोटं ठेवून कापली आणि कुंडी उत्तरेच्या खिडकीत आणली. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे तिथेही संध्याकाळचं तिरकं ऊन येतं, त्याला पातळ पांढरा पडदा पुरला. पंधरा-वीस दिवसांत घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले कोंब वर आले, मी रोज सकाळी चहाच्या आधी ते बघायला जायचे.

पावसाळ्यात गॅलरीत नेली, पण यावेळी हळूहळू, आधी दोन तास, मग अर्धा दिवस, आणि वर 75 टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट, अरेका पामच्या मागे खालच्या फळीवर. ढग असले तर काही प्रश्न नसतो, पण पाऊस उघडला की ऊन फार चटका देतं आणि ऑक्टोबर तर विचारूच नका, तेव्हा परत आत. एकदा पानामागे ओळीने तपकिरी ठिपके दिसले, शेजारच्या काकू म्हणाल्या कीड आहे, औषध मार. पण ते बीजाणूंचे पुंजके असतात, फर्नला फुलं-बिया नसतात ना, त्याऐवजी हे. काही मारू नका.

येताना मामीने विहिरीतला थोडा हंसराज मातीसकट ओल्या फडक्यात बांधून दिला होता. तोही त्याच खिडकीत आहे, खाली पाण्याची ताटली ठेवलीये, आणि या आठवड्यात त्याला चार नवीन देठ आलेत.