तुम्ही विचारलंत म्हणून: पांढऱ्यानं आता नवीन काय खेळावं?

लातूरला रविवारच्या बुद्धिबळाच्या वर्गात, नांदेड-परभणीच्या स्पर्धांत दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात आणि फोनवर तर नेहमीच मला हा प्रश्न येतो: "सर, पांढऱ्याकडून आता नवीन कोणतं ओपनिंग घेऊ?" ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची ठरलेली वाट. विचारणारी कधी लेकरं असतात, कधी त्यांचे आईवडील, कधी नोकरीतून निवृत्त होऊन पुन्हा पटाकडं वळलेले एखादे काका. प्रश्न मोलाचा आहे, म्हणूनच एक नाव सांगून मोकळं होणं मला पटत नाही.

बदल बहुधा हरल्यामुळं हवा असतो. यूट्यूबवर पाहिलेला एखादा सापळा काही महिने चालतो, मग जिल्ह्यातल्या सगळ्या पोरांना तो ठाऊक होतो आणि दुसऱ्या सापळ्याचा शोध सुरू होतो. मी आधी हरलेल्या डावांच्या स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेले कागद, मागतो. दहाव्या चालीपर्यंत बहुतेक वेळा सगळं ठीक असतं. किल्लेकोट झालेला असतो, घोडे-उंट बाहेर आलेले असतात आणि नेमकं तिथंच पुढं काय करायचं ते सुचत नाही. अशा खेळाडूला नवं ओपनिंग दिलं तर तो वेगळ्या वाटेनं त्याच जागी येऊन अडतो.

म्हणून मी आधी पंधराव्या चालीची स्थिती दाखवतो. प्याद्यांची ही रचना, मोहऱ्यांना या जागा. इथून पुढं खेळायला आवडेल का? आवडत असेल, तर तिथं नेणारं ओपनिंग शोधू.

पांढऱ्याची पहिली चाल आपली असली तरी डावाचं नाव ठरवतो काळा. तुम्ही ई४ खेळलात, म्हणजे राजासमोरचं प्यादं ई या उभ्या रांगेतल्या चौथ्या घरात नेलंत, की समोरचा ई५ खेळेल, सी५ खेळून सिसिलियनमध्ये नेईल, ई६ नं फ्रेंचमध्ये किंवा सी६ नं कारो-कानमध्ये. "सर, समोरचा सिसिलियन खेळायलाय, आता काय करू?" हे मी फेरीच्या आधी किती पोरांकडून ऐकलंय! प्रत्येक बचावासाठी वेगळी जाडजूड तयारी करायला शाळा-कॉलेजच्या मुलाकडं वेळ नसतो.

यावरचा माझा आवडता मार्ग म्हणजे डी४ वरचं एकटं प्यादं. शेजारच्या सी आणि ई फाइलवर (उभ्या रांगांत) आपलं प्यादं नाही, अशी ही रचना. गंमत अशी, की ई४ खेळून चारही बचावांतून इथं पोचता येतं. कारो-कानविरुद्ध डी५ वर मारामारी करून सी४ खेळायचं, हा पानोव्ह हल्ला. फ्रेंचमध्येही तसंच, ई प्यादी मारून घ्यायची आणि सी४. सिसिलियनला दुसऱ्याच चालीला सी३, म्हणजे अलापिन. ई५ ला इटालियन: काळ्यानं उंट सी५ ला आणला की सी३ आणि डी४. दर वेळी हीच रचना होईल असं नाही. अलापिनमध्ये काळ्यानं लगेच घोडा एफ६ ला काढला तर आपलं प्यादं ई५ ला जातं आणि डावाचं रूप बदलतं. पिर्क आणि स्कॅन्डिनेव्हियन या काळ्याच्या इतर बचावांना वेगळी उत्तरं लागतातच. तरी एकच समज इतक्या ठिकाणी उपयोगी पडते, हा फायदा मोठा आहे.

ती समज अशी. डी४ च्या प्याद्यामुळं आपला घोडा ई५ वर पाय रोवून बसतो. वजीर डी३ वर आणि उंट सी२ किंवा बी१ वर आला की दोघांचा रोख एच७ वर लागतो. हत्ती ई१ वरून ई३ ला चढतो आणि तिथून जी३ किंवा एच३ ला जातो. या सगळ्यामागं डी५ ही ढकल दबा धरून असते. काळ्याचा उपायही माहीत हवा. तो डी५ वर घोडा बसवून प्यादं थोपवतो आणि एकेक मोहरा बदलून घेतो. पटावर मोहरे कमी झाले, की तेच प्यादं आपल्याला राखत बसावं लागतं. म्हणून इथं उगाच अदलाबदल करायची नाही. ज्याला हल्ला करायची ओढ नाही आणि जो वजिरावजिरी झाली की सुटकेचा श्वास टाकतो, त्याला मी ही रचना देत नाही.

एक डाव मी सगळ्यांना लावून बघायला सांगतो. १० फेब्रुवारी १९९६, फिलाडेल्फिया, आयबीएमचा संगणक डीप ब्लू विरुद्ध विश्वविजेता कास्पारोव्ह, सामन्यातला पहिला डाव. यंत्रानं अलापिनच निवडला, डी४ वर एकटं प्यादं घेतलं, योग्य वेळी ते डी५ ला ढकललं आणि जिंकलं. सामना पुढं कास्पारोव्हनं ४-२ असा घेतला, पण हा डाव शिकण्यासारखा आहे. ढकलीच्या आधी कोणता मोहरा कुठं होता, हे वहीत उतरवून काढा.

दुसरी शंका हमखास येते: इतकी वर्षं ई४ खेळलो, आता बदलून कसं जमेल? फिशरचं उदाहरण घ्या. जवळजवळ नेहमीच ई४ खेळणारा हा अमेरिकन खेळाडू १९७२ मध्ये रेक्याविकला विश्वविजेता स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात, सहाव्या डावात सी४ खेळला. डाव क्वीन्स गॅम्बिट या डी४ च्या ओपनिंगमध्ये गेला. स्पास्कीनं तिथं आपलाच भरवशाचा बचाव लावला आणि हरल्यावर त्यानंही प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या. नव्या वाटेवरच्या स्थिती फिशरला आतून कळत होत्या, म्हणूनच पहिली चाल बदलणं त्याला जमलं. तुमच्याही बाबतीत क्रम हाच ठेवा. आधी ओळखीच्यांशी झटपट डाव, मग रविवारची एखादी रॅपिड स्पर्धा आणि रेटिंग स्पर्धा सगळ्यात शेवटी. एकदम सगळं बदलू नका. या महिन्यात फक्त कारो-कानचं उत्तर बदललंत तरी पुष्कळ झालं.

आता लातूरच्या पालकांचा खास प्रश्न. अकरावी-बारावीला नीटच्या तयारीत पोरांना दिवसाला अर्धा तासही मिळत नाही. मग खेळ सोडायचा का? माझं कळकळीचं सांगणं आहे, सोडायला लावू नका. अशा मुलांना मी लंडन पद्धत देतो: डी४, उंट एफ४ ला, मग ई३, घोडा एफ३ ला, सी३. काळा काहीही खेळो, मांडणी साधारण तीच राहते. ही कमअस्सल वाट नव्हे. २०२३ मध्ये अस्तानात विश्वविजेतेपदाच्या सहाव्या डावात डिंग लिरेननं नेपोम्नियाचीला लंडननंच हरवलं. मात्र उंट सी१ वरून निघाला की बी२ चं प्यादं उघडं पडतं. काळा सी५ खेळून वजीर बी६ ला आणतो तो त्याच्यासाठीच. तेव्हा मिळालेला वेळ सुरुवातीला या एका उत्तरावर घाला. बाकीच्या चाली खेळता खेळता बसतील.