बेसमधला तो 'घूंऽऽ' आवाज : आधी ओळखा, मग टेप लावा

जॅझ बेस (फेंडरची दोन पिकअपवाली बेस गिटार) घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच, की बाबा, ब्रिज पिकअप (तारा जिथे खाली टेकतात त्या ब्रिजजवळचा) एकटा लावला की अँपमधून घूंऽऽ येतंय, आतून कॉपर टेप लावू का? लगेच चार जण सांगतात लाव लाव, पूर्ण मढवून टाक, एकदम शांत होतो. मग तो टेप मागवतो, अख्खा रविवार खर्ची घालतो, बोटं कापून घेतो (त्या टेपची कड ब्लेडसारखी असते, खरंच जपून), आणि शेवटी आवाज थोडा कमी होतो पण घूं आहे तिथेच. आता टेपचा यात काही दोष नाही, तिचं काम तिने केलं, घूं थांबवणं हे तिचं कामच नव्हतं.

कारण एकाच स्पीकरमधून येत असले तरी हे दोन वेगळे आवाज आहेत. एक हम, जाड, गोल, खालच्या पट्टीतला. दुसरा बझ, म्हणजे झर्रर्र, चरचरीत, वरच्या फ्रिक्वेन्सीचा. हम येतो मॅग्नेटिक फील्डमुळे, म्हणजे जवळचा ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, अँपचा स्वतःचा पॉवर ट्रान्सफॉर्मर, यांच्यातून. पिकअप म्हणजे मॅग्नेटभोवती हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार, ती बेसच्या तारांचं हलणं पकडते तसंच हे फील्डही पकडते, तिला फरक कळत नाही. आणि कॉपर टेप एवढी पातळ असते की ५० हर्ट्झचं मॅग्नेटिक फील्ड तिच्यातून आरामात आरपार जातं. बझ येतो इलेक्ट्रिक फील्डमधून, भिंतीतली वायरिंग, डिमर, चार्जर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर वगैरे, आणि तो मात्र टेपने अडतो, अगदी मस्त अडतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५० आणि १०० हर्ट्झवर जोरात असतो. आता ई स्ट्रिंगवर तिसऱ्या फ्रेटला जी (G) हा सूर वाजवा, तो असतो ४९ हर्ट्झ. म्हणजे आपला हम हा किंचित चढा जी आहे! घरी सिंगल कॉइलवर (एकाच कॉइलच्या पिकअपवर) हा जी लांब धरून ठेवा, नोट साधारण सेकंदाला एकदा हेलकावा खाताना ऐकू येते, कारण ४९ आणि ५० मध्ये एकाचाच फरक. आपल्याला वाटतं इंटोनेशन गंडलंय. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हाच हम ए शार्प आणि बी च्या मध्ये कुठेतरी पडतो. म्हणूनच इक्यूने (अँपवरच्या टोनच्या बटणांनी) हम कापा हा सल्ला मला पटत नाही, बेसची खुली ई ४१ हर्ट्झची आणि खुली ए ५५ ची, ५० बरोब्बर त्यांच्या मध्ये बसलाय, तिथे कापलं तर आपला जी च जाणार.

तर पैसे खर्च करायच्या आधी दोन मिनिटं टेस्ट करा. बेसचे सगळे व्हॉल्यूम शून्य करा. तरी आवाज येतोय? मग पिकअपला दोष देऊ नका, केबल, जॅक, अँप किंवा घरातली वीज बघा. आवाज गेला असेल तर व्हॉल्यूम परत वाढवा आणि तारांवरचे हात काढा, मग ठेवा. हात ठेवल्यावर बझ कमी होतो? म्हणजे ब्रिजखालची ग्राउंड वायर जागेवर आहे, आणि तुमचं शरीरच अँटेना बनून बझ आत पाठवत होतं, इथे शिल्डिंगचा, म्हणजे आतून टेपने मढवण्याचा, फायदा होणार. हात लावून काहीच फरक पडत नाही? ती ब्रिजची वायर सुटली असेल, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक ब्रिजला, एक जॅकच्या स्लीव्हला (ग्राउंडच्या बाजूला), बीप आला पाहिजे. (काळ्या नायलॉन टेपवूंड तारा असतील तर हात लावून फरक पडणारच नाही, त्यांच्यावर प्लॅस्टिक आहे, ब्रिजला हात लावून बघा.) हात लावल्यावर आवाज वाढला तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात का ते बघा. आणि शेवटी बेस घेऊन खुर्चीवर बसा आणि सावकाश गोल फिरा. एखाद्या दिशेला घूं जवळपास मरतं आणि दुसरीकडे वाढतं? हा मॅग्नेटिक हम. याच्यावर फॉइलचा उपयोग शून्य.

त्याचं औषध पिकअपमध्येच आहे, आणि जॅझ बेसवाल्यांकडे ते आधीपासून असतं. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. दोन पिकअप्सचे वेढे उलट दिशांना आणि मॅग्नेटही उलटे, त्यामुळे हम एकाकडून अधिक येतो आणि दुसऱ्याकडून वजा, बेरीज शून्याच्या आसपास, तारेचा सिग्नल मात्र दोनदा उलटा झाल्याने सरळच राहतो. हीच युक्ती फेंडरने १९५७ मध्ये आपल्या दुसऱ्या बेसच्या, प्रिसिजनच्या दोन तुकड्यांच्या पिकअपमध्ये वापरली, १९५१ चा मूळ प्रिसिजन साध्या सिंगल कॉइलचा होता. जॅझ बेसची गंमत ही की एक व्हॉल्यूम जरासा खाली केला की गणित बिघडतं आणि घूं डोकावायला लागतं. एकटा ब्रिज पिकअप, म्हणजे सगळ्यांना हवा असतो तो प्रसिद्ध बेसवादक जाकोचा नाकातला टोन, तिथे तर पूर्ण हम. जाको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बेसही सिंगल कॉइलचाच बरं का.

दोन्ही पूर्ण उघडूनही हम जात नसेल तर बहुतेक कुणीतरी आधी एक पिकअप बदललाय आणि दोन्ही एकाच दिशेचे झालेत. सेकंडहँड बेसमध्ये हे सर्रास सापडतं. मग काही लोक एका पिकअपच्या दोन वायरी आपसात बदलतात, हम जातोही, पण सोबत सगळा लो एंड (खालचा जाड आवाज) जातो कारण आता तारांचा सिग्नल एकमेकांविरुद्ध लागला. जोडीचेच पिकअप घ्या, किंवा सरळ हमकॅन्सलिंगवाले घ्या, एका कव्हरमध्ये दोन कॉइल, शेजारी शेजारी किंवा एकावर एक. डिमार्झिओ, सेमूर डंकन, फेंडरचे नॉइजलेस, सगळ्यांकडे जॅझच्या मापाचे मिळतात. टोन थोडा बदलतो, एकावर एक असलेल्यांत वरचा चकचकीतपणा मला कमी वाटतो, पण स्टेजवर ड्रम सुरू झाल्यावर तो फरक सांगून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

आता टेप. बझ असेल तर लावाच. पुण्यात असाल तर सोल्डरगन, फ्लक्स, वायर हे सगळं तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, टेप ऑनलाइन. घेताना चिकट बाजूही कंडक्टिव्ह आहे ना बघा, नसेल तर प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका टाकावा लागतो. किचनमधली अॅल्युमिनियम फॉइल नको, तिला साधं सोल्डर धरत नाही. दोन्ही पिकअपच्या खोबण्या आणि कंट्रोलची खोबण आतून मढवा, तिन्ही खोबण्या एका वायरने जोडून ती वायर पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या डबीच्या) पाठीला, आणि मल्टिमीटरने कोपरान् कोपरा बीप करून बघा. पॉटची पाठ बरीच उष्णता खाते, पंचवीस वॉटची सोल्डर आयर्न तिथे नुसती कुथत बसते, मोठी घ्या. जॅकचं टिपवालं (सिग्नलचं) टोक ज्या बाजूला येतं तिथे फॉइलवर इन्सुलेशन टेप चिकटवा, नाहीतर सगळं बंद केल्यावर बेस एकदम शांत होईल, इतका शांत की वाजणारच नाही.

आणि एक गोष्ट जी फार कुणी सांगत नाही. जॅझ बेसवर अंगठा पिकअपवर टेकवतो ना आपण, तेव्हा अंगठा पोलपीसला (पिकअपवर दिसणाऱ्या धातूच्या गोल टोकांना) लागला की टिक् आणि झर्र येतं. पोलपीस ग्राउंड नसतात आणि कॉइल त्यांना अगदी चिकटून असते, त्यामुळे बोटावरचं सगळं आत जातं. पिकअप उलटा करा, खालच्या पाटीवर पोलची उघडी टोकं दिसतात, त्या सगळ्यांना लागेल अशी कॉपर टेपची एक पट्टी चिकटवा आणि तिला ग्राउंडची वायर सोल्डर करा, हे मात्र टेप चिकटवायच्या आधीच सोल्डर करून ठेवा म्हणजे कॉइलला आच लागत नाही. बाजूला कॉइलची तार केसाहून बारीक असते, नख लागलं तरी तुटते. हे एवढंसं काम अख्ख्या शिल्डिंगपेक्षा जास्त समाधान देतं, माझं मत.

पण हे सगळं ग्राउंड जाऊन मिळतं कुठे? केबलच्या जाळीतून अँपच्या चासीला आणि तिथून भिंतीतल्या अर्थिंगला. जुन्या चाळीत, भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीन पिनचं सॉकेट झोकात असतं आणि वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवून तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर मुंग्या येत असतील, किंवा माइकला ओठ लागल्यावर चिमटा बसत असेल, तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. १९७२ मध्ये स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वी स्टेजवरच्या माइकला हात लावल्यावर शॉक बसून मेला, अर्थिंगचाच घोटाळा. त्यामुळे हम घालवायला अँपची अर्थ पिन काढणारा कितीही अनुभवी असो, त्याचं ऐकायचं नाही. अँप आणि मिक्सरमध्ये ग्राउंड लूप (दोन्हीकडून ग्राउंड जोडल्याने होणारं वर्तुळ) होत असेल तर डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त ऑडिओ केबलची जाळी सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

घरातल्या बाकी मंडळींबद्दल पटकन सांगतो. गोल फिरवायचा डिमर बंद करा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर बेस अचानक मधमाश्यांच्या पोळ्यासारखा वाजायला लागला तर तो स्क्वेअर वेव्हवाला इन्व्हर्टर आहे, साइन वेव्हवाल्यावर असं होत नाही. ऑडिओ इंटरफेसवर (बेस लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर) रेकॉर्ड करताना आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर बघा, दोन पिनचे चार्जर यात पटाईत. पेडल्स सगळी एकाच अॅडॉप्टरच्या माळेवर असतील आणि त्यात एखादं डिजिटल असेल तर एकेक काढून, जमलं तर बॅटरीवर लावून बघा, चोर सापडतो. गणपतीच्या स्टेजवर लायटिंगवाल्याला आणि साउंडवाल्याला वेगळे फेज मागा, आणि तुमची केबल विजेच्या केबलसोबत समांतर पसरू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

नॉइज गेट मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. तो फक्त तुम्ही गप्प असताना आवाज बंद करतो, वाजवताना हम असतोच, आणि लांब सोडलेली नोट विरत असताना मध्येच कचकन कापतो. मेटलमध्ये चालतं ते. बाकीच्यांनी त्या पैशात पिकअपची जोडी घ्यावी.