झाडाक ताप इलो काय?

ओवळीच्या खोडावर दोन्ही तळवे टेकवून, डोळे मिटून मी उभी होते, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, "काय गो, झाडाक ताप इलो काय?"

मी वृक्षध्यान करत होते. पण ते त्यांना समजावून सांगण्याइतकं मलाच कळलं नव्हतं. म्हणून म्हटलं, "जरा डोळे मिटून बसतंय." मी उभी होते. त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि त्या गोठ्याकडे गेल्या.

सुरुवात फणसापासून झाली. 16 मे 2021 ला, रविवारी, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून वर सरकत गेलं. आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून चालत वीसेक मिनिटांवर. दुपारी मागच्या बाजूला आधी नुसता करकर आवाज आला, मग जमीन हलल्यासारखी वाटली. सासऱ्यांनी लावलेला बरका फणस मुळासकट आडवा झाला होता. घर वाचलं, गोठ्याचा कोपरा गेला. फांद्यांना लगडलेले अर्धेकच्चे फणस फुटून खळ्यात चिकाचा नुसता रबरबाट. तो चीक पायाला, दाराला, कोयत्याला लागत राहिला आणि आम्ही खोबरेल तेलाने पुसत राहिलो. पुढे खोडाच्या फळ्या निघाल्या, त्यांचे दोन दरवाजे झाले. हिशेबात फणस संपला.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं तो काय काम करत होता ते. स्वयंपाकघराची कौलं अकरा वाजल्यापासून तापायला लागली. ज्या कोपऱ्यात मी बावीस वर्षं भाजी चिरायला बसले, तिथे बसवेना. त्याच वर्षी मला पहाटे तीनला जाग यायला लागली. जाग आली की छताकडे बघत पडायचं, काजूच्या भावापासून मुलीच्या फीपर्यंत सगळं एकदा फिरवून यायचं. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी दिली, मीठ आणि काळजी कमी करायला सांगितलं. मीठ कमी झालं.

मग एका मैत्रिणीने एका ऑनलाइन शिबिराची लिंक पाठवली. एकवीस दिवस, अकराशे रुपये, रोज सकाळी एक व्हिडिओ. नोव्हेंबरात सुरू केलं. कृती अशी: अनवाणी झाडाजवळ जायचं, झाडाची परवानगी मागायची, तळवे खोडावर टेकवायचे, नऊ दीर्घ श्वास घ्यायचे, मुळांतून प्रकाश वर येतोय अशी कल्पना करायची आणि झाडाची ऊर्जा तळव्यात जाणवेपर्यंत थांबायचं. कुठलं झाड? 'जे तुम्हाला बोलावेल ते.'

मला पहिल्यांदा कलमाने बोलावलं. चौथ्या श्वासाला हुमल्यांनीही बोलावलं. आंब्याच्या पानांचं घरटं करून राहणाऱ्या तांबड्या मुंग्या ध्यानाला बसलेल्या माणसात आणि आंबे उतरवायला आलेल्या माणसात फरक करत नाहीत. दुसऱ्या दिवशी माड. त्याच्याखाली डोळे मिटून बसा म्हणून सांगणारा माणूस कोकणातला नसणार. माडाला डोळे असतात, नारळ माणूस बघून, त्याला चुकवून पडतो, असं आमच्याकडे म्हणतात खरं, पण झावळाला डोळे असल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि अनोळखी झाडाला मिठी मारा म्हणून जो सल्ला देतात, तो इथे कुणी ऐकू नये. रानबिब्याचा चीक लागला तर अंग उततं, फोड येतात, चेहरा ओळखू येत नाही. झाडाची परवानगी नंतर मागा, आधी झाड कुठलं ते गावातल्या कुणाला तरी विचारा.

शेवटी विहिरीकडची ओवळ ठरली. ओवळ म्हणजे घाटावरची बकुळ. खोड रुंद, साल खडबडीत, मुंग्या कमी, खाली वाऱ्याने झाडल्यासारखी स्वच्छ जागा. पंधरा दिवस काहीही झालं नाही. तळवे थंड पडायचे, मान अवघडायची, मन विहिरीच्या पंपाकडे. शिबिराच्या ग्रुपवर कुणाला निळा प्रकाश दिसत होता, कुणाशी पिंपळ बोलत होता. मी रोज फुलांचं चित्र पाठवून गप्प बसायची.

सोळाव्या दिवशी बोटांत धडधडलं.

अगदी स्पष्ट. मधल्या बोटाच्या टोकाशी आधी, मग सगळ्या तळव्यात. हळू, एका लयीत, सालीच्या आतून कुणीतरी ठोकावं तसं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लपवत नाही. मी फणसाला कधी असा हात लावला नव्हता, हेच पहिलं मनात आलं. ग्रुपवर लिहिलं तर दीडशे बदाम आले. रात्री यांना सांगितलं. हे म्हणाले, "बरा झाला," आणि कूस बदलली.

नाताळच्या सुट्टीत मुलगी आली. ती नर्सिंगला आहे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला ओवळीकडे नेलं. उजवा हात खोडावर ठेवायला सांगितला, डावं मनगट स्वतःच्या बोटांत धरलं. "ठोका लागलो की 'आता' म्हण." मी म्हणत गेले. आता, आता, आता. पंधरा-वीस वेळा झाल्यावर तिने मनगट सोडलं आणि म्हणाली, "आता ह्योच हात पडवीच्या खांबार ठेव बघया."

पडवीचा खांब चिऱ्याचा. मी हात सपाट टेकवला, नऊ श्वास घेतले, थांबले. चिराही धडधडत होता. तोच वेग, मिनिटाला शहात्तर.

ती नाडी माझी होती. कठीण पृष्ठभागावर बोटं सपाट दाबून ठेवली की बोटांतल्या रक्तवाहिन्यांचे ठोके आपल्यालाच जाणवतात, एवढंच. भर म्हणून इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेल्या दिरांनी फोनवर सांगितलं, की शरीराच्या ज्या भागावर लक्ष नेऊन ठेवाल तिथे थोड्या वेळाने मुंग्या, ऊब, थरथर असं काहीतरी जाणवतंच. त्याला झाड लागत नाही. त्यांचं म्हणणं होतं की हे जाणवणं महत्त्वाचं नाही, बघत राहणं महत्त्वाचं. मला त्या दिवशी ते ऐकायचं नव्हतं. अकराशे रुपये आणि दीडशे बदाम डोळ्यांसमोर नाचत होते. मी ओवळीकडे जाणं बंद केलं.

त्या पंधरा दिवसांत, थोड्या रागानेच, झाड खरं काय करतं ते वाचलं. दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडतात, पाण्याची वाफ बाहेर जाते, आणि त्या ओढीने मुळांपासून शेंड्यापर्यंत पाण्याची अखंड तार वर खेचली जाते. मोठं झाड उन्हाच्या दिवसात शेकडो लिटर पाणी असं हवेत सोडू शकतं. पानं जेवढं उडवतात तेवढं मुळं लगेच पुरवू शकत नाहीत, म्हणून दिवसा खोड केसभर आकसतं आणि रात्री पाणी भरलं की पुन्हा फुगतं. म्हणजे हालचाल खरी आहे. तळव्याला ती कळणं मात्र शक्य नाही. जगदीशचंद्र बोस यांना झाडाची वाढ नुसती बघता यावी म्हणून क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवावं लागलं, ते हालचाल दहा हजार पट मोठी करून दाखवायचं. वनस्पतींमध्ये विजेचे संदेश धावतात हे त्यांनी लाजाळूवर प्रयोग करून दाखवलं होतं. लाजाळू आमच्या काजूच्या बागेत पायांना ओरबाडते. मी एका पानाला बोट लावलं, ते मिटलं, आणि पुन्हा पूर्ण उघडेपर्यंत तिथेच उकिडवी बसून राहिले. घड्याळात बारा मिनिटं झाली. एवढा वेळ मी विनाकारण कशाकडे बघत बसले होते, असं शेवटचं कधी झालं होतं ते आठवेना.

फणसाचंही कोडं तिथेच सुटलं. स्वयंपाकघर नुसत्या सावलीने थंड राहत नव्हतं, तो वर वाफ सोडत होता. ऊर्जा म्हणायचीच तर ती ही, आणि ती मला झाड पडल्यावर कौलांतून जाणवली होती. शिबिराच्या आधीच.

जानेवारीत गावच्या रायीत गेले. राय म्हणजे देवाचं राखलेलं रान. रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात. आमची लहानशी आहे, पण आत किंजळ, सातवीण, काजरा, आणि झाडांवरून झाडांवर गेलेल्या गारंबीच्या मांडीएवढ्या वेली. रीतसर गुरवांना विचारलं. ते म्हणाले, "बसा, पण पायतणां भायर. आणि खालची काडीसुद्धा उचलूची नाय." देवाच्या पाषाणाजवळच्या आतल्या भागात बायकांनी जायचं नसतं. त्यावर माझं मत वेगळं आहे, पण त्या दिवशी भांडायला गेले नव्हते. कडेच्या एका किंजळीजवळ बसले.

पहिली दहा मिनिटं नेहमीचीच. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, हेच. मग वाळलेली पानं पडताना खालच्या पानांवर टक् करून आपटतात ते ऐकू यायला लागलं. प्रत्येक पानाचा आवाज निराळा. वाऱ्याचा आवाज वरून जात होता, खाली हवा हलत नव्हती. मध्येच कुणीतरी भाता ओढावा तसा घुऊ घुऊ आवाज डोक्यावरून गेला, मी दचकून डोळे उघडले तर धनेशाची जोडी पलीकडच्या वडावर उतरत होती. पंखांचा एवढा आवाज करणारा पक्षी मी या गावात बावीस वर्षं राहून नीट ऐकला नव्हता. चाळीस मिनिटांनी उठताना लक्षात आलं, मी खोडाला हात लावलाच नव्हता. कुणाला काही विचारलंही नव्हतं.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जपानमध्ये याला शिनरिन-योकू म्हणतात, अरण्यस्नान. 1982 मध्ये तिथल्या वनखात्याने हा शब्द रूढ केला. रानात सावकाश चालायचं, बसायचं, वास घ्यायचा, ऐकायचं. त्यावर तिथे अभ्यास झालेत, माणसांचा रक्तदाब मोजतात, लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, मोजतात, शहरात चाललेल्यांशी तुलना करतात. मला ते पटलं आणि हसूही आलं. माझी आजी पातेरा, म्हणजे वाळलेली पानं, गोळा करायला पहाटे रानात जायची. तिचं कॉर्टिसोल कुणी मोजलं नाही. अर्थात ती परत येताना डोक्यावर जाळीभर पातेरा घेऊन यायची, आणि पन्नाशीत तिची कंबर गेली होती. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून ओवळीखाली बसते, उभी राहत नाही. सकाळी सहा-साडेसहाला, अर्धा तास. तिन्हीसांजेला बसलेलं सासूबाईंना चालत नाही, तो वाद मी घालत नाही. पद्धत म्हणावी अशी काही उरलेली नाही. श्वास नाकपुडीशी येतो-जातो तो बघायचा, कंटाळा आला की आवाज मोजायचे, तेही झालं की नुसतं खोडाकडे बघायचं. सालीच्या एका खाचेत कोळ्याचं जाळं आहे, ते दर दोन-तीन दिवसांनी नवं होतं. पावसाळ्यात डासांमुळे पडवीतून बसावं लागतं. ब्लडप्रेशरची गोळी सुरूच आहे. तीनची जाग आठवड्यातून दोनदा येते, पूर्वी रोज यायची. शिबिराच्या ग्रुपमधून मी बाहेर पडले. नाडीची गोष्ट तिथे लिहिली होती, तिला एकही बदाम आला नाही.

मार्चमध्ये माझ्या बहिणीकडे आसोलीला गेले होते. तो सुरंगीचा महिना. पहाटे तिच्या मागच्या सुरंगीखाली बसले. वास इतका दाट की श्वास मोजायला घेतला आणि सोडून दिला. उजाडलं तशा मधमाश्या आल्या आणि बघता बघता अख्खं झाड गुणगुणायला लागलं. जुनी सवय, मी उठून खोडाला हात लावला. खोडात काहीच नव्हतं. आवाज सगळा वर.

तेवढ्यात कळ्या काढणाऱ्या बायका शिड्या घेऊन आल्या. ऊन चढून फुलं उमलायच्या आत कळ्या उतरवाव्या लागतात, नाहीतर गजऱ्याला उपयोग नाही. त्यातल्या एकीने शिडी माझ्या डोक्यावरच्या फांदीला लावली, खाली बघितलं आणि परडी माझ्या मांडीत ठेवली.

"वयनी, नुसत्या बसान रवलास तर ऊन चढात. खालच्या फांदयेची तुमी काडा."

मी काढायला लागले. कळ्या लाकडालाच चिकटून असतात, नखाने अलगद सोडवाव्या लागतात. साडेआठपर्यंत दोन परड्या झाल्या आणि बोटं पिवळी.