साहेब, तुमचं एक वर्ष कमी पडतंय

हे वाक्य मी जुलै 2023 ते फेब्रुवारी 2024 या काळात पीएच.डी.च्या कागदपत्र पडताळणीच्या एकाच खिडकीवर इतक्या वेळा ऐकलं की अकराव्या खेपेनंतर मोजणं सोडलं. पंचवीस वर्षं फौजेत काढून आलेल्या माणसाला वर्ष कमी पडतंय म्हणायचं, यात गंमत आहे हे आता कळतं. तेव्हा डोकं फिरलं होतं.

मी चोपडा तालुक्यातला. सहावीला साताऱ्याच्या सैनिक शाळेत गेलो, 1993 ला खडकवासल्याला एनडीएत, मग डेहराडूनला आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी, 1997 ला कमिशन. मेजर असताना 2009-10 मध्ये वेलिंग्टनच्या लष्करी कॉलेजात स्टाफ कोर्स, म्हणजे वरच्या जबाबदाऱ्यांसाठीचं प्रशिक्षण, केला. 2022 मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून मुदतपूर्व निवृत्ती घेऊन घरी आलो. केळीतलं मला काही कळत नाही हे धाकट्या भावाने पहिल्याच महिन्यात तोंडावर सांगितलं, म्हणून पीएच.डी. करायचं ठरवलं. विषय डोक्यात वीस वर्षं होता: खानदेशची भिल्ल पलटण. 1825 मध्ये जेम्स औट्राम या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती उभी केली आणि मुख्यालय ठेवलं धरणगावला, म्हणजे आमच्या घरापासून तासाभरावर. या विषयाला माझ्याइतका जवळचा विद्यार्थी मिळणार नाही, असा माझा समज होता.

पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, झाली, मुलाखत झाली, गाईड सर मिळाले. यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते कागदपत्र पडताळणीला. ते ठिकाण कुठलं, हे लिहीत नाही. तिथल्या माणसांशी अजून तीन-चार वर्षं काढायची आहेत.

खिडकीवरच्या भाऊंनी पहिल्या दिवशी माझी फाईल उघडली आणि नावापुढची अक्षरं वाचली. 'पीएससी' म्हणजे काय, एमपीएससी का? म्हटलं, नाही, स्टाफ कोर्स पास केला की नावापुढे लागतं. ते त्यांनी सोडून दिलं. मग पदवी पाहिली. "बी.एस्सी. जेएनयूची. जेएनयू दिल्लीला, अन् तुम्ही शिकले खडकवासल्याला?" हे समजावण्यात अर्धा तास गेला. एनडीएची तीन वर्षं म्हणजे सहा टर्म, त्यात कवायतीइतकाच अभ्यास असतो, आणि पदवी जेएनयू देते. हे त्यांना पटलं, कारण शेजारच्या टेबलावरच्या मॅडमचा भाचा एनडीएत होता.

मग आली एम.एस्सी. पदवी मद्रास विद्यापीठाची, विषय संरक्षण व सामरिक अभ्यास, ठिकाण वेलिंग्टन. भाऊंनी मान वर केली. "वेलिंग्टन म्हणजे न्यूझीलंड ना? परदेशी पदवी आहे. भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल." मी हसलो, आणि ते हसणं त्यांना आवडलं नाही. वेलिंग्टन निलगिरीत आहे, कुन्नूरच्या शेजारी, हे सिद्ध करायला मी दुसऱ्या दिवशी नकाशाची झेरॉक्स घेऊन गेलो. खरंच गेलो. जाता जाता हेही सांगितलं की हे कॉलेज मुळात आपल्याच देवळालीला 1905 मध्ये सुरू झालं, दोन वर्षांनी क्वेट्ट्याला गेलं आणि फाळणीनंतर वेलिंग्टनला आलं. भाऊ म्हणाले, "मग देवळालीची मार्कशीट आहे का?"

इथवर ठीक होतं. खरी गाठ पुढे होती. स्टाफ कोर्स साधारण पंचेचाळीस आठवड्यांचा. जूनमध्ये जायचं, एप्रिलमध्ये सुटायचं. त्यातच प्रबंधिका लिहायची, परीक्षा द्यायच्या, आणि मद्रास विद्यापीठ एम.एस्सी. देतं. म्हणजे माझी एम.एस्सी. एका वर्षाची. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नवे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये आले, माझ्या अर्जाच्या आठ महिने आधी. त्यात लिहिलंय: चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाची पदव्युत्तर पदवी, नाहीतर तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, आणि किमान 55 टक्के. माझे टक्के पुरेसे होते. बेरीज पुरत नव्हती. तीन अधिक एक.

"साहेब, तुमचं एक वर्ष कमी पडतंय."

मी म्हटलं, खडकवासला तीन वर्षं, डेहराडून एक वर्ष. झाली की चार. चार अधिक एक, नियमात बसतंय. भाऊंनी हात पुढे केला. "द्या डेहराडूनची मार्कशीट." आयएमएतून मी अंगावर तारे घेऊन बाहेर पडलो होतो, विद्यापीठाची मार्कशीट घेऊन नाही. त्या वर्षात मी नकाशावाचन, डावपेच, लष्करी कायदा, लोकांना हुकूम कसा द्यायचा आणि स्वतः कसा पाळायचा हे शिकलो. सगळ्याची परीक्षा झाली. पण कागद नाही.

आता प्रामाणिकपणे लिहितो: भाऊ चुकत नव्हते. नियमाच्या शब्दाला ते धरून होते. ज्यांनी नियम लिहिला त्यांच्यासमोर कॉलेजमधून बाहेर पडलेला बावीस वर्षांचा मुलगा होता. बारा वर्षं नोकरी करून, पदोन्नतीच्या 'पार्ट बी' आणि 'पार्ट डी'च्या परीक्षा देऊन, वर स्टाफ कॉलेजची स्पर्धा परीक्षा पास होऊन वर्गात बसलेला मेजर त्यांच्या नजरेसमोर नव्हता. फौजेत दरवर्षी वरिष्ठ तुमचा गोपनीय अहवाल लिहितात. आयुष्यभर आम्हाला कुणी ना कुणी तोलतच असतं. त्यातला एकही कागद त्या खिडकीवर चालला नाही.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, मामा, इकडे लष्करातले कोर्स तपासून कॉलेजचं किती क्रेडिट द्यायचं याची शिफारस एक शिक्षण परिषद 1945 पासून करते आणि सैनिकाला त्याचं गुणपत्रक मिळतं. मी म्हटलं, छान आहे, तू तिकडेच राहा.

ऑगस्टमध्ये माझा तोल सुटला. "आठशे माणसांच्या पलटणीचा टू-आयसी होतो मी," असं काहीतरी बोललो (टू-आयसी म्हणजे पलटणीतला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी), आणि आवाजही परेड मैदानावरचा लागला. भाऊंनी पेन ठेवलं, टोपण लावलं आणि चहाला गेले. त्यानंतर तीन आठवडे माझी फाईल गठ्ठ्याच्या तळाशी होती. पलटणीत आवाज चढवला की काम होतं. खिडकीवर आवाज चढवला की दुपारचे दोन वाजतात आणि मग साहेब मीटिंगला गेलेले असतात. घरी येऊन हे सांगितलं तर आई म्हणाली, "इतला मोठा साहेब व्हयना तू, तरी तुले शाळाना दाखला मांगतस?" तिला सगळ्यात खटकत होतं ते माझ्या फाईलवरचं घुबड. वेलिंग्टनच्या बोधचिन्हात घुबड आहे, तिकडे ते शहाणपणाचं मानतात. आई म्हणे, ते काढ आधी, मग काम होईल. मी काढलं नाही, पण सप्टेंबरपासून फाईल साध्या निळ्या कव्हरात घालून नेऊ लागलो हे खरं आहे.

कुणाला हा मार्ग चालायचा असेल तर पहिली गोष्ट: आवक क्रमांक घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही. माझे पहिले दोन अर्ज "ठेवून द्या, बघतो" म्हणून घेतले गेले आणि त्यांचा ठावठिकाणा आजही नाही. तिसऱ्याची पोच घेतली, तोच पुढे कामाला आला. दुसरी गोष्ट, मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलतानाचं प्रमाणपत्र, जेएनयूचं लागेल असं समजून मी आधी दिल्लीकडे धाव घेतली. तसं नसतं. ते शेवटच्या विद्यापीठाचं लागतं, म्हणजे मद्रासचं.

मद्रास विद्यापीठालाच मी ऑक्टोबरमध्ये पत्र लिहिलं. त्यात फुशारकी मारली नाही, कोर्सचं वर्णनही केलं नाही. तीनच गोष्टी लेखी मागितल्या: ही पदवी विद्यापीठाची पूर्ण पदव्युत्तर पदवी आहे का, तिला प्रवेशासाठी पदवी आवश्यक होती का, आणि अभ्यासक्रम पूर्णवेळ होता का. 'पूर्णवेळ' हा शब्द पत्रात आलाच पाहिजे. तो नसेल तर "कोर्स घरबसल्या, पत्राद्वारे केलाय का?" असं विचारतात. मला विचारलं होतं. पत्र आलं, शिक्क्यासह. सोबत मी दोन झेरॉक्स जोडल्या. एक, अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातलं कलम 22, पदवी देण्याचा अधिकार कुणाला आहे ते सांगणारं. मद्रास विद्यापीठ 1857 चं, मुंबई-कलकत्त्याच्या जोडीचं. त्याच्या अधिकाराबद्दल कुणी शंका घेणार नव्हतं. दुसरी, माझ्या पदवीवरची तारीख, 2010, लाल पेनने गोल केलेली. नियम 2022 चा.

हा तारखेचा मुद्दा मला सुचला नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. तो सुचला आमच्या चोपड्याच्या झेरॉक्सवाल्याला. त्याचे वडील वरणगावच्या आयुध निर्माणीत होते, त्यामुळे मी दिसलो की तो काउंटर सोडून गप्पा मारतो. प्रती काढता काढता म्हणाला, "दादा, डिग्री आधीची आन नियम नंतरचा, मंग तुम्हाले कसा लागल?" चार महिने मी बेरीज मांडत बसलो होतो आणि या माणसाने तारीख वाचली. प्रतीचे पैसेही घेतले नाहीत.

माझा एक कोर्समेट महूला हायर कमांड कोर्स करून आलेला. त्याच्याकडे इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाची एम.फिल. आहे. याच नव्या नियमांनी एम.फिल. बंद केली, पण आधीची असेल तर पीएच.डी.ला चालते. त्याची वर्षं कुणी मोजली नाहीत. हे ऐकून त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोने शेवभाजी केली होती, तरी नाही.

डिसेंबरमध्येही "समकक्षता समितीची बैठक लागली की कळवू" एवढंच उत्तर येत होतं. मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, प्रश्न एकच विचारला: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, तारखेनिशी सांगा. "का केलं नाही" असं विचारू नका. त्याला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही, आणि भांडण वाढतं. तीस दिवसांची मुदत संपायच्या आत उत्तर नाही, बैठकीचंच पत्र आलं.

समितीत तीन प्राध्यापक होते. मी नकाशा, कलम, पत्र, सगळं घेऊन गेलो होतो, आणि मनात पंधरा मिनिटांचं भाषण तयार होतं. मधल्या सरांनी विचारलं, प्रबंधिका कशावर होती? मी सांगितलं. मग त्यांनी भिल्ल पलटणीबद्दल विचारलं आणि पुढची दहा मिनिटं आम्ही औट्राम शिकारीच्या नादाने भिल्लांमध्ये कसा मिसळला यावर बोलत होतो. एक वर्ष कमी पडतंय हा शब्द कुणी काढला नाही. शेवटी त्यांनी सही करताना म्हटलं, पदवी नियमाच्या आधीची आहे, विद्यापीठ कायद्याने स्थापन झालेलं आहे, अडचण काय होती? मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ खिडकीबाहेर पाहत होते. आठ महिन्यांचं काम तेवढ्यात उरकलं. बाहेर आलो तर हलकं वाटायच्या ऐवजी रागच आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून तर हे लिहितोय.

नोकरीत असलेल्या आमच्या लोकांना सांगायचंय: वेलिंग्टनहून निघताना सामान बांधायच्या आधी गुणपत्रक, अभ्यासक्रमाची प्रत आणि कालावधीचं पत्र घ्या. तेव्हा सगळे पुढच्या पोस्टिंगच्या घाईत असतात. मीही होतो. नावाचंही बघून घ्या. फौजेच्या कागदांवर माझं नाव वडिलांच्या नावाशिवाय आहे आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ते एका दिवसात झालं, म्हणून वर लिहायचं राहिलं.

आणि मूळ पदवीला लॅमिनेशन करू नका. मी सिक्किममध्ये पोस्टिंगला असताना ओल लागू नये म्हणून केलं होतं. पडताळणीचा शिक्का प्लास्टिकवर बसेना. भाऊंनी दोनदा मारला, दोनदा पुसला गेला, मग त्यांनी झेरॉक्सवर मारला आणि मूळ पदवी माझ्याकडे सरकवत म्हणाले, "घुबड छान आहे हो, साहेब."