कच्छ: न दिसणाऱ्या फॉल्टच्या मागे बारा दिवस

महाराष्ट्रात जिऑलॉजी शिकलेल्या माणसाची एक पंचाईत असते. घाटात जा, किल्ल्यावर जा, जिथे बघावं तिथे बेसॉल्ट, आणि तोसुद्धा एकावर एक पोळ्या रचल्यासारखा आडवा. तिरपे थर बघायलाच मिळत नाहीत. मी डिप, म्हणजे थराचा उतार, मोजायला शिकले ती टेबलावर वही तिरकी ठेवून, खोटं नाही सांगत. त्यामुळे पीएचडीला स्ट्रक्चरल जिऑलॉजी (खडक कसे वाकतात-तुटतात ते), त्यातही सेडिमेंटरी बेसिन (गाळ साचून थर झालेला खोलगट भाग) असा विषय मिळाला तेव्हा आनंद कमी आणि धडकी जास्त भरली होती. बेसिन कुठलं तर कच्छ.

डिसेंबरात भुजला उतरलो, मी आणि माझा एक ज्युनिअर. उन्हाळ्यात इथे फील्डवर्क करणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं, म्हणून सगळे थंडीतच येतात. गाडी भाड्याने घेतली, सोबत ड्रायव्हर, आम्ही त्यांना भाई म्हणायचो आणि ते मला बेन. पहिल्याच दिवशी भाईंनी शिकवलेला शब्द म्हणजे गांडो बावळ, आपली वेडी बाभूळ. नकाशावर जिथे सुंदर आउटक्रॉप (उघडा खडक) दिसतो तिथे प्रत्यक्षात ही बया उभी असते आणि तिचा काटा बुटाच्या सोलमधून आरपार येतो. गाडीचं टायर दोनदा पंक्चर झालं, माझा बूट एकदा.

आता थोडं ज्ञान पाजळते, ज्यांना नको त्यांनी हा पॅरा सोडा. गोंडवन हा जुना महाखंड फुटायला लागला तेव्हा भारताच्या या पश्चिम कडेला जमीन ताणली गेली, फॉल्टवरून (खडक जिथे तुटून सरकतो ती भेग) ठोकळे खाली सरकले, खोलगट जागा झाली, तिथे समुद्र आत आला आणि ज्युरासिक-क्रेटेशियस काळात चुनखडी, शेल, सँडस्टोन असे थर साचत गेले. त्यावर मग आपलाच डेक्कन ट्रॅप, म्हणजे तोच बेसॉल्ट, येऊन पसरला (तिथेही पाठ सोडत नाही). पुढे भारत आशियाला धडकला आणि जी जमीन ताणली होती तीच आता दाबली जायला लागली. मग जुन्याच फॉल्टवरून गाडी उलटी फिरली, जे खाली गेलं होतं ते वर यायला लागलं. याला इन्व्हर्जन म्हणतात आणि माझा अख्खा थीसिस या एका शब्दाभोवती फिरतोय. भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांनी १९७७ मध्ये इथल्या थरांची झुरिओ, जुमारा, झुरान, भुज अशी जी उतरंड लावून दिली तीच आजही आम्ही सगळे वापरतो.

माझा फॉल्ट म्हणजे कच्छ मेनलँड फॉल्ट. नकाशावर मस्त जाड रेघ आहे, पूर्व-पश्चिम, डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याने. प्रत्यक्षात गेलात तर तिथे काय दिसतं? माती, शेतं, ओढे, म्हशी. फॉल्ट बहुतेक ठिकाणी गाळाखाली गाडलेला आहे. मी निघताना माझे गाइड सर म्हणाले होते, "फॉल्ट शोधू नकोस, थर काय करतायत ते बघ." तेव्हा मला हे वाक्य जरा उगाचच वाटलेलं.

मग झुरा डोम (घुमटासारखे वर फुगलेले थर) चालायला घेतला. दक्षिणेकडून सुरुवात केली, थर अगदी आळसावलेले, ५ अंश, ८ अंश, आमचं बेसॉल्टच की हे असं वाटावं इतके. जुमारा फॉर्मेशनच्या माथ्यावर ढोसा ऊलाइट नावाचा एक तपकिरी, गंजल्यासारखा थर आहे, अमोनाइटने (गुंडाळलेल्या शंखासारखे जीवाश्म) नुसता भरलेला, बशीएवढे अमोनाइट वाटेत पडलेले असतात (उचलले नाहीत, फोटो काढले, ज्युनिअरचा चेहरा बघण्यासारखा होता). हा थर म्हणजे आमची खूणगाठ, कच्छ मेनलँडमध्ये लांबवर ओळखू येतो. तो मागे टाकून डोमच्या पोटात उतरलो, तिथे झुरिओची जुनी चुनखडी आणि मध्येच घुसलेले काळे सिल (थरांमध्ये शिरून थिजलेला शिलारस), आणि मग उत्तरेकडे बाहेर पडायला लागलो तसे आकडे चढायला लागले. २०. ३५. ६०. आणि शेवटी तोच ढोसा ऊलाइट समोर, पण आता भिंतीसारखा उभा. सकाळी ज्याच्यावर बसून डबा खाल्ला त्याच थराला आता मी पाठ टेकून उभी होते. पलीकडे सपाट मैदान. फॉल्ट कुठेच नव्हता आणि तो नेमका कुठे असणार हे लहान पोरानेही सांगितलं असतं.

संध्याकाळी लॉजवर रीडिंग्ज प्लॉट केल्या तर स्ट्राइक (थर कुठल्या दिशेने पसरलाय ते) सगळ्या वेड्यासारख्या फिरलेल्या. अर्धा तास स्वतःला शिव्या दिल्यावर लक्षात आलं की मोबाइलच्या कव्हरला लोहचुंबक आहे आणि तो मोबाइल मी दिवसभर वहीखाली धरून त्यावर ब्रंटन कंपास टेकवत होते. तीन दिवसांचं काम पाण्यात. ज्युनिअर काहीच बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. कव्हर भुजलाच कचऱ्यात टाकलं आणि परत चाललो सगळं.

नंतरचे दिवस भुजच्या दक्षिणेला कटरोल हिल फॉल्टवर. इथे मात्र गोष्ट उघड्यावर आहे, दक्षिणेकडचे जुने ज्युरासिक थर उचलून उत्तरेकडच्या तरुण भुज सँडस्टोनला भिडवलेत. खडकावरचे ओरखडे, स्लिकनसाइड, मोजून मी सरांना जोशात फोन केला की रिव्हर्स, म्हणजे दाबाने वर सरकल्याच्या, हालचालीचा पुरावा मिळाला. सर शांतपणे म्हणाले, ओरखडे बहुतेक वेळा शेवटची हालचालच सांगतात, आधीचे पुसून जातात, आधी फॉल्ट नॉर्मल (ताणाने खाली सरकणारा) होता हे कशावरून? आणि खरंच, ते ओरखड्यांवरून कळत नाही, ते गाळावरून कळतं. फॉल्ट चालू असताना जी बाजू खाली सरकते तिथे गाळ जाड साचतो. म्हणजे दोन्ही बाजूंचे थर सेंटिमीटर-सेंटिमीटरने मोजत बसणं आलं. उरलेले पाच दिवस तेच केलं, टेप, वही, लेन्स, क्रॉस-बेडिंगच्या (थराच्या आतल्या तिरप्या रेघांच्या) दिशा. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पाठ धरली एवढंच.

शेवटच्या दिवशी गाडीत २००१ चा विषय निघाला. २६ जानेवारीचा तो भूकंप, तीव्रता ७.७, आणि एवढं होऊनही मूळ फॉल्ट जमीन फोडून वर आलाच नाही. भाई म्हणाले शेतातून पाणी आणि वाळू उसळून वर आली, भेगा पडल्या, पण डोंगर तसेच होते. मी त्यांना १८१९ च्या भूकंपाचं सांगायला लागले, रणात तेव्हा जमीन उचलून अल्लाह बंद नावाचा लांबच लांब बांध तयार झाला आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला, तर ते त्यांना माझ्याआधीच माहीत होतं.

स्टेशनवर सॅम्पलची पोती उतरवताना त्यांनी विचारलं, "बेन, फरी आवशे?"

मी म्हटलं, "हो हो, पुढच्या डिसेंबरात नक्की!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. ट्रेन सुटल्यावर ज्युनिअरने सांगितलं, त्याची रूममेट मंडळी गुजराती आहेत. तुम्ही येणार का असं विचारायचं असतं तर ते 'आवशो' म्हणाले असते. ते भूकंपाचं विचारत होते.